एकोणतीस नंबरची नळी

दसरा तोंडावर आला की दौलताबादच्या रस्त्याला, किल्ल्याच्या पायथ्याशी, बाया सीताफळांच्या पाट्या घेऊन बसायला लागतात. परवा कॉलेजातून परतताना त्यातल्या एकीनं माझ्या स्कूटीला हात केला. "घ्या ताई, आज न्या, उद्या पिकतंय." मी थांबले. एक फळ उचललं, त्याचे डोळे उघडलेत का ते अंगठ्यानं चाचपलं, आणि तिथंच उभी राहिले. वर ऑक्टोबरचं ऊन चटचट भाजत होतं, आणि माझी बोटं मात्र गार पडली होती.

पाच वर्षं झाली. दर वर्षी याच दिवसांत हे होतं. हंगाम डोक्याच्या आधी अंगाला आठवतो. हिरव्या सालीचा तो कच्चट वास नाकात गेला की मला यंत्राच्या खोलीतला एसी आठवतो, पंपाची घरघर आठवते, आणि पडद्याच्या उजव्या बाजूला उभी राहिलेली, तिथं असायलाच नको होती अशी एक लहानशी टेकडी.

मी तेव्हा शहरातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होते. काम सांगायला सोपं, करायला चिवट. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये टी-पेशी असतात. रोगाशी लढणाऱ्या. लढाई नसते तेव्हा त्या स्वस्थ पडून राहतात, फारसं खातपीत नाहीत. पण शत्रूची चाहूल लागली की जाग्या होतात, फुगतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात, आणि त्यासाठी त्यांना भराभर अमिनो आम्लं लागतात. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनं बांधायचा कच्चा माल. तो आत घ्यायला पेशीच्या आवरणात दारं असतात, आणि जागी झालेली पेशी ही दारं वाढवते. कुठली पेशी किती माल आत ओढते, हे मला मोजायचं होतं.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हे एकदा शेताच्या बांधावर बसून समजावलं होतं. आम्ही पैठणकडचे, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातले. आता चार एकर कापूस आहे, पण आबांनी तीसेक मेंढरं अजून सोडलेली नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी कळप पाण्यावर आल्यावर कोणचं मेंढरू किती ढोसतंय, ते बघायचं."

"तेच आबा."

"मग येवढ्याला पाच वर्सं कामून लागायलीत?"

लागतात, कारण पेशीनं काय गिळलं ते दिसत नाही. दिसावं म्हणून आम्ही कायन्युरेनिन नावाचं एक अमिनो आम्ल वापरायचो. ते त्याच दारानं आत जातं, आणि जांभळा लेझर पडला की आपलं आपणच निळसर चमकतं. त्याला वेगळा रंग जोडावा लागत नाही. पेशींना हे चार मिनिटं पाजायचं, मग तिथल्या तिथं थांबवायचं, आणि एकेक पेशी लेझरसमोरून धाडायची. चमक जितकी जास्त, तितका माल आत गेलेला. न चमकणाऱ्या पेशींची टेकडी पडद्यावर डावीकडं उभी राहते, चमकणाऱ्यांची उजवीकडं. निरोगी माणसाच्या निजलेल्या पेशी घेतल्या तर टेकडी एकच, डावीकडं. त्याच पेशी मुद्दाम जाग्या केल्या की दोन दिवसांत सगळा डोंगर उजवीकडं सरकतो. पहिल्यांदा तो सरकताना पाहिला तेव्हा मी खुर्चीत उडीच मारली होती.

ती चार मिनिटं मला आजही घाम फोडतात. साडेतीन झाली तरी चालत नाही, पाच झाली तरी चालत नाही. घड्याळ डाव्या हाताला, बर्फ उजव्या हाताला, आणि मध्ये मी. कुणी दार ढकललं तरी अंगावर काटा यायचा.

यंत्र मात्र माझं नव्हतं. ते नसरीन आपांचं. त्या संस्थेतल्या तंत्रज्ञ, वय पंचेचाळीसच्या पुढं, औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या. नवरा दुबईला, मुलगी लग्न होऊन परभणीला. ते यंत्र त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही. बुडबुडा अडकला तर त्या आवाजावरून ओळखायच्या. मला त्यांनीच शिकवलं. पहिल्याच दिवशी मी नळी उलटी लावली तेव्हा माझ्या हातावर चापट मारून म्हणाल्या होत्या, "आहिस्ता बेटा. ये बकरी नहीं है, पकड़ के नहीं दुहते." मी मेंढपाळाची पोर आहे हे त्यांना तेव्हा ठाऊकही नव्हतं. नंतर कळलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मला प्रबंधाचा शेवटचा भाग जोगदंड मॅडमना द्यायचा होता. जोगदंड मॅडम माझ्या मार्गदर्शक. बोलणं मोजकं, चूक झाली तर चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या, बस. शेवटच्या फेरीला चार निरोगी रक्तदाते कमी पडत होते आणि विद्यार्थी सुट्टीला गावी पांगले होते. संस्थेचा एक सुरक्षारक्षक तयार झाला. एम.एस्सी.ची एक मुलगी तयार झाली. तिसरे आबा. मीच फोन केला आणि ते सकाळच्या एसटीनं पिशवीत सीताफळं घेऊन हजर. वडिलांचं रक्त वापरावं का, यावर मॅडम जरा थबकल्या होत्या, पण नळीवर नाव नसतंच, रक्त काढणारी सिस्टर चिकटवते तो नुसता नंबर असतो. कुठला नंबर कुणाचा, हे फक्त मॅडमच्या कपाटातल्या बंद पाकिटात. म्हणून त्यांनी होकार दिला.

चौथा दाता आयत्या वेळी आलाच नाही. मी रडकुंडीला आलेली पाहून नसरीन आपा बाही वर करत म्हणाल्या, "मेरा ले लो ना. मेरे में क्या पानी भरा है?"

रक्त द्यायच्या आधी एक संमतीपत्र भरायचं असतं. त्यात शेवटी एक प्रश्न असतो: तपासणीत तुमच्या तब्येतीबद्दल काही वेगळं आढळलं तर कळवावं का? हो किंवा नको. आबांना मी तो वाचून दाखवला.

"नको म्हननारं बी असतंय का कोनी?"

"असतात आबा. भीती वाटते."

"नाय सांगितल्यानं दुखनं जातंय व्हय?" म्हणत त्यांनी 'हो'वर खूण केली आणि खाली सही केली, प्रत्येक अक्षर वेगळं कोरून. शेजारच्या खुर्चीवर नसरीन आपा आपला कागद भरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

आबांना बसस्टँडवर सोडायला गेले तेव्हा रिक्षात ते म्हणाले, "ती बाई, मशीनवाली. तिला बरं नाय का?"

"का हो?"

"मान एका अंगाला धरती. वाळलीय बी. मेंढरू असं मान धराया लागलं का मी हात लावून बघतो."

"आबा, माणसांना मेंढरं म्हणू नका."

आणि मी ते विसरून गेले. माझं डोकं इनक्युबेटरमध्ये ठेवलेल्या पेशींत होतं.

दुपारी चार नळ्या यंत्रावर लावल्या. सत्तावीस नंबर. टेकडी डावीकडं, एकच, गोल, हवी तशी. अठ्ठावीस, तेच. एकोणतीस लावली आणि डावीकडची टेकडी उभी राहता राहता उजवीकडं ठिपके पडायला लागले. आधी वाटलं कचरा असेल. ठिपके वाढत गेले. मिनिटाभरात तिथं एक लहानशी, नीट आकार असलेली टेकडी तयार झाली. या पेशींना मी अजून जागं केलेलंच नव्हतं. त्या निजलेल्या असायला हव्या होत्या. त्यातल्या बऱ्याच जाग्या होत्या आणि हपापल्यासारख्या माल ओढत होत्या.

मी खरं सांगते, मला आधी राग आला. त्या माणसाचा, ज्याचा चेहराही मला माहीत नव्हता. माझा सुंदर आलेख त्यानं बिघडवला होता. मी माऊसनं ती फाईल धरली आणि कचऱ्याच्या डब्याकडं ओढत नेली. बोट सोडायचं तेवढं राहिलं होतं.

आणि मग लक्षात आलं, चारातला एक माणूस आहे हा. चारातले एक आबा आहेत.

बोट तसंच धरून फाईल परत जागेवर आणली.

"मशीन का नखरा है," मागून नसरीन आपा म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "पुरानी हो गई बेचारी. रुक, मैं धोती."

त्यांनी नळ्यांतून साफ करायचं पाणी सोडलं, वीस मिनिटं. पुन्हा एकोणतीस लावली. पुन्हा तीच टेकडी. "लेझर गरम हो गया होगा," म्हणत त्यांनी यंत्र बंद केलं, थंड होऊ दिलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा तीच. तिसऱ्यांदा धुतलं, मध्ये तीस नंबर लावली तर ती हवी तशी आली. मी त्यांच्याकडं कृतज्ञतेनं बघत होते. मला वाटत होतं, या माझ्यासाठी इतक्या झटतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी ती टेकडी खोटी पाडायच्या मागं लागले. चमक फसवी असू शकते. मेलेल्या पेशी उगाच चमकतात, म्हणून मेलेल्यांना रंग लावून बाजूला काढलं. टेकडी तशीच. मग काही पेशींना बर्फावर ठेवून माल पाजला, कारण थंडीत दारं चालत नाहीत. टेकडी गेली. काहींच्या दारात अडसर बसेल असं रसायन घातलं. टेकडी गेली. काहींना जोडीला भरपूर ल्युसिन दिलं, म्हणजे दारात दुसऱ्याच अमिनो आम्लाची गर्दी. टेकडी खचली. एरवी या तीन परीक्षा जमून आल्या असत्या तर मी मिठाई वाटली असती. त्या दिवशी प्रत्येक आलेख मी टेबलावर उलटा करून ठेवत गेले. यंत्र खरं बोलत होतं. मीही काही चुकवलं नव्हतं. या माणसाच्या शरीरात खरोखरच लढाई चालू होती.

कसली, ते ही तपासणी सांगत नाही. साधा सर्दीताप असेल. आठवड्यापूर्वी घेतलेली लस असेल. काहीही असेल. मी स्वतःला हे सांगत होते आणि मनात एक एक नाव येत होतं ते ढकलत होते.

दुपारी आबांना फोन लावला. मागं मेंढरांचा गलका.

"आबा, संध्याकाळी ताप वगैरे येतो का अंगात?"

"कामून?"

"सहज."

"सहज कोन इचारतंय गं असं." ते जरा बाजूला गेले असावेत, गलका कमी झाला. "रगतात काय घावलं व्हय?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं. जमलं नाही. "चौघांतल्या एकाचं वेगळं आलंय. कुणाचं ते मला माहीत नाही."

पलीकडून आबांनी एका मेंढराला हाळी दिल्याचं ऐकू आलं.

"मग चौघांची काळजी कर की," आबा म्हणाले. "माझीच कामून करायलीस?"

मी फोन ठेवला. मला चौघांची काळजी नव्हतीच. मला एकाचीच होती, आणि उरलेल्या तिघांपैकी कुणाचंही असू दे, अशी मी मनातल्या मनात घासाघीस करत होते. रक्षक तरुण आहे, त्याला पेलवेल. ती मुलगी तर अजूनच तरुण. नसरीन आपांचं नावसुद्धा या यादीत मी एकदा घेऊन पाहिलं आणि पटकन पुढं सरकले. माणसाचं मन अशा वेळी किती हलकट होतं, हे मला त्या आठवड्यात कळलं.

बुधवारी सगळे आलेख घेऊन मॅडमकडं गेले. त्यांनी एकेक कागद पाहिला. बर्फाचा, अडसराचा, ल्युसिनचा. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. पहिल्यांदाच माझी चूक नसताना.

"हे निदान नाही, सारिका."

"माहीत आहे मॅडम."

"पण हे बघून गप्पही बसता येणार नाही." त्यांनी नीतिसमितीच्या अध्यक्षांना फोन लावला आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. पाकीट उघडायचं की नाही, हे ठरायला गुरुवार उजाडला. एक दिवस. त्या दिवशी मी काय खाल्लं, कुणाशी बोलले, काही आठवत नाही. यंत्राच्या खोलीत आपा शेजारी बसून नळ्या पुसत होत्या एवढं आठवतं. एरवी सतत बोलणारी बाई, त्या दिवशी आम्ही दोघी गप्प. मला वाटलं, माझ्या काळजीनं गप्प आहेत.

गुरुवारी अकरा वाजता मॅडमनी बोलावलं. पाकीट टेबलावर फोडलेलं होतं.

"तुझे वडील नाहीत," त्या म्हणाल्या. "खरं तर एवढंही सांगायला नको होतं. पण तुझा चेहरा बघवेना."

मी खुर्ची ओढून बसले. "मग... ज्यांचं आहे त्यांना कळवणार ना?"

मॅडमनी कागद पाकिटात परत घातला. "त्यांनी 'नको'वर खूण केलीय."

हे वाक्य मी ऐकलं, पण ते आत शिरलं नाही. आत फक्त पहिलं वाक्य घुमत होतं. मी खोलीबाहेर आले, जिन्याच्या पायरीवर बसले आणि ओढणीत तोंड घालून रडायला लागले, हसत हसत. पाऊल वाजलं. नसरीन आपा वर येत होत्या, हातात धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे.

"क्या हुआ बेटा?"

"आबा नाहीत, आपा!" मी त्यांचा हातच धरला. "एकोणतीस आबांची नाही. सुटले हो मी, सुटले!"

त्यांनी ट्रे पायरीवर ठेवला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात ओला होता. "शुक्र है," त्या म्हणाल्या. "अल्लाह का शुक्र है." आणि ट्रे उचलून जिना चढून वर गेल्या.

शुक्रवारी आपा आल्या नाहीत. इतक्या वर्षांत सांगितल्याशिवाय रजा त्यांनी घेतली नव्हती. यंत्राच्या खोलीत मी एकटी बसले होते आणि पंपाचा आवाज काहीतरी वेगळा येत होता, काय ते मला कळत नव्हतं. आपांना कळलं असतं, असं मनात आलं, आणि त्यापाठोपाठ एकेक गोष्ट समोर येऊन बसली. तीनदा धुतलेलं यंत्र. कागद भरताना न उचललेली नजर. मान एका अंगाला धरती, म्हणणारे आबा. लेझर गरम झाला असेल, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि त्या खोलीत लेझरबद्दल त्यांच्याहून जास्त कुणालाच कळत नव्हतं. तो गरम झालेला नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आपलीच नळी त्या पुन्हा पुन्हा लावत होत्या. दर वेळी टेकडी उगवेल की नाही हे बघत.

आणि मी जिन्यावर त्यांचा हात धरून नाचले होते.

त्या दिवशी मी काहीच केलं नाही. जाऊ की नको. त्यांनी कागदावर स्पष्ट लिहून दिलंय, मला कळवू नका. मॅडमचे हात बांधलेले. मला अधिकृतपणे काहीच माहीत नाही. एखाद्यानं दार लावून घेतलं असेल तर ते वाजवायचा हक्क कुणाला असतो? शनिवारी दुपारी मी औरंगपुऱ्यात गेले. बाजार दिवाळीच्या गर्दीनं फुललेला, आकाशकंदील टांगलेले, स्कूटी लावायला जागा नाही. त्यांच्या गल्लीत आत शिरले, जिना चढले आणि दार वाजवलं.

उघडायला वेळ लागला. दारात आपा, डोक्यावर ओढणी घट्ट गुंडाळलेली. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. आत नेलं, पाणी दिलं. मी वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरले होते. "तब्येत कशी आहे विचारायला आले" एवढंच म्हणाले.

आपा समोर बसल्या. "उनतीस मेरी है. सिस्टर नली पे चिपका रही थी, तबीच देखी मैं नंबर."

मग त्यांनी ओढणी सैल केली. गळ्याच्या उजव्या बाजूला, कानाखाली, सुपारीएवढ्या दोन गाठी. एकीवरची कातडी जरा लालसर.

"कधीपासून?"

"रमजान के बाद से."

"आपा, सहा महिने!"

"अम्मी को यहीच आई थी गाँठ. सुई डाले, रिपोर्ट आया, और तीन महीने में गई. बड़ी बीमारी का नाम सुन के ही आधी मर गई थी वो." त्यांनी ओढणी परत ओढून घेतली. "मैं बोली, मेरेकू नाम नहीं सुनना. जितने दिन है, काम करना. लेकिन कमबख्त मशीन..." त्या थांबल्या. "अठारह बरस से चला रही मैं उसको. एक बार तो झूठ बोलती मेरे वास्ते."

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. यंत्राला आजाराचं नाव माहीत नसतं, एवढं मात्र म्हणाले. पेशी जाग्या आहेत एवढंच त्याला दिसलं. जाग्या आहेत म्हणजे लढतायत, आपा. कशाशी, ते विचारायला तर हवं.

त्यांनी माझा पाण्याचा पेला उचलला. "सोमवार को आएगी मेरे साथ?"

"येईन."

सोमवारी सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत आम्ही दोघी रांगेत. डॉक्टरनं गाठ चाचपली, सुई घालून दोन थेंब काढले, म्हणाले, चार दिवसांनी या. ते चार दिवस आपा रोज कामावर आल्या. यंत्र चालवलं, मला रागावल्या, दोनदा चहा पाजला. चहाच्या कपाला मात्र दोन्ही हातांनी धरून बसायच्या, जणू थंडी वाजतेय.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर कागद वाचत होते तेव्हा आपांनी माझं मनगट धरलं होतं. बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत राहिले.

"टीबी आहे. गाठींचा. छातीत नाही, त्यामुळं दुसऱ्याला लागण होण्याची भीती नाही. सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही."

"टीबीच ना?" आपा म्हणाल्या.

"हो, टीबी."

"पक्का? टीबीच?"

डॉक्टरनं वर पाहिलं. टीबी ऐकून इतकं खूश झालेलं माणूस त्यांनी पाहिलं नसावं. बाहेर आल्यावर आपा बाकावर बसल्या आणि खदाखदा हसत सुटल्या. शेजारी बसलेली बाई लेकराला घेऊन सरकून बसली. मग हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला, आणि मी त्यांना तशीच धरून बसून राहिले, रांगेतली माणसं आमच्या पायांवरून जात होती तरी.

पहिल्या गोळ्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: "सारिका! लाल हो गया सब!" त्या औषधानं लघवी नारिंगी होते, हे डॉक्टरनं सांगितलेलं दोघीही विसरलो होतो. पुढचे सहा महिने सोपे नव्हते. उलट्या झाल्या, सांधे दुखले, घरमालकिणीपासून गोळ्यांची पाकिटं लपवावी लागली, कारण लागत नाही म्हटलं तरी नाव ऐकून माणसं पाण्याचा पेला वेगळा करतात. परभणीची मुलगी पंधरा दिवस येऊन राहिली. गाठी हळूहळू बसत गेल्या. माझ्या प्रबंधात एकोणतीस नंबर निरोगी दात्यांच्या आलेखात नाही. खाली एक ओळ आहे: या दात्याला नंतर आजार असल्याचं निष्पन्न झाल्यामुळं वगळलं. ती ओळ लिहायला मला एक आख्खी दुपार लागली.

आता मी दौलताबादच्या वाटेवरच्या कॉलेजात शिकवते. आपा अजून त्याच यंत्रावर आहेत. कधीमधी मी मुलांना घेऊन तिथं जाते. पोरांना चमक बघायची घाई असते. मी त्यांना आधी बर्फाच्या नळीपाशी बसवते. चमक दिसली की ती खोटी कशी असू शकेल, हे आधी शोधा, म्हणते. ती खरी निघाली तर काय करायचं, हे मात्र मला अजून शिकवता आलेलं नाही.

एक गोष्ट मनात होती. औषधं संपली त्या आठवड्यात, यंत्र गरम होईपर्यंत आम्ही दोघी बसलो होतो, तेव्हा मी धीर करून विचारलं.

"आपा, त्या दिवशी जिन्यावर मी तुम्हाला म्हणाले, आबा नाहीत, सुटले. तुम्हाला काय वाटलं?"

"सच बोलूँ?"

"खरंच सांगा."

"तेरे सर पे हाथ रखा ना, उस वक़्त दुआ ही निकली. झूठ नहीं." त्या पडद्याकडं बघत होत्या, अजून तो काळाच होता. "घर गई, फिर गुस्सा आया. दो दिन आया. इसका बाप बच गया तो ये कैसी नाच रही, बोल के. बद्दुआ भी आ रही थी मुँह पे. तौबा की मैंने."

"आणि मी आले तेव्हा?"

"तू दरवाज़ा बजाई तो मैं अंदर से बोली, जा, नहीं खोलती." त्या किंचित हसल्या. "लेकिन ज़ोर से नहीं बोली."

पडदा उजळला, आपांनी पहिली नळी लावली. त्या शनिवारी पहिल्यांदा वाजवल्यावर दार उघडलं नाही तेव्हा मला हायसं वाटलं होतं, आणि मी अर्धा जिना उतरून खाली आले होते. तिथून परत का फिरले, ते मला नीट सांगता येत नाही. आपांना मी हे अजून सांगितलेलं नाही.